हळदीच्या ब्लँकमध्ये गेलेले माझे अकरा महिने

सांगली-मिरजेकडच्या पोरांना एम.एस्सी.चा प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की निम्मी पोरं हळद घेतात. मीही घेतली होती. घरात हळकुंडाची पोती पडलेली, बाबा सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डात, आणि गाईडला सांगायलाही बरं वाटतं, "सर, आमच्याकडची हळद." आता दरवर्षी गावाकडून दोन-तीन फोन येतात, "ताई, हळदीवर करू का?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून यंदा लिहूनच काढलं. एन्झाइमची चाचणी कशी लावतात, आयसी-५० म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी स्पष्ट सांगते. हळद नवख्यासाठी सोपा विषय नाही, अवघड आहे. कर्क्युमिन १८१५ साली हळदीतून वेगळं काढलं गेलं, त्याची रचना १९१० साली ठरली. तेव्हापासून त्यावर हजारो पेपर निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच पेपरांत कर्क्युमिनने चाचणीलाच फसवलेलं आहे. ते स्वतः गडद पिवळं, उजेडात चमकणारं, पाण्यात न विरघळणारं आणि बफरमध्ये न टिकणारं. अशी संयुगं एकाच वेळी अनेक चाचण्यांत 'काम करतात' असं दिसतं. २०१० साली बेल आणि हॉलोवे यांनी अशा संयुगांची यादी करून त्यांना 'पेन्स' हे नाव दिलं. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये खास कर्क्युमिनवर मोठा आढावा आला. तोवर १२० हून जास्त क्लिनिकल ट्रायल झाल्या होत्या, आणि त्यातली एकही डबल-ब्लाइंड, प्लासिबो लावलेली ट्रायल यशस्वी झालेली नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. हा आढावा मी प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी वाचायला हवा होता. वाचला अकरा महिन्यांनी.

आता माझी चूक. ही सावकाश वाचा, कारण बाकीचं सगळं तुम्हाला कुणीही सांगेल.

माझं काम होतं अल्फा-ग्लुकोसिडेजवर, म्हणजे पिष्टापासून साखर सुटी करणाऱ्या एन्झाइमवर. मधुमेहासाठी नेहमी करतात ती चाचणी: एन्झाइम पीएनपीजी नावाचं संयुग तोडतं, त्यातून पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं, शेवटी सोडियम कार्बोनेट घालायचं आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात पिवळा रंग किती आला ते वाचायचं. सोडियम कार्बोनेट दोन कामं करतं. त्याच्या अल्कलीने एन्झाइम थांबतं, आणि त्याच अल्कलीत नायट्रोफेनॉलचा पिवळा रंग पूर्ण उमटतो. म्हणजे ते घालावंच लागतं.

हळदीचा अर्कही पिवळा. कर्क्युमिनचं शोषण ४२५ च्या आसपास सर्वांत जास्त, त्यामुळे ४०५ वर ते भरपूर दिसतं. हे मला माहीत होतं. म्हणून मी अर्काचा ब्लँक, म्हणजे अर्काचा स्वतःचा रंग मोजायचा नमुना, लावला होता: अर्क आणि बफर, एन्झाइम नाही, सोडियम कार्बोनेटही नाही. त्याचं रीडिंग टेस्टमधून वजा करायचं. पद्धत माझी नव्हती, एका सीनियरच्या एक्सेल शीटमधून आली होती. त्यांनी एका फिकट अर्कावर काम केलं होतं, त्यांना ती चालून गेली.

हळदीला चालली नाही. अल्कलीत कर्क्युमिन पिवळं राहत नाही, लाल होतं. लाल झालं की त्याचं शोषण वरच्या तरंगलांबीकडे सरकतं आणि ४०५ वरचं कमी होतं. म्हणजे माझ्या ब्लँकमध्ये होतं पिवळं कर्क्युमिन आणि टेस्टच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) लाल. मी लालमधून पिवळं वजा करत होते.

समजण्यापुरते आकडे घेऊ. अर्क नसताना एन्झाइमचं रीडिंग १.००. टेस्टमध्ये नायट्रोफेनॉलचं खरं रीडिंग ०.९०, त्यात लाल कर्क्युमिनचं ०.२०, एकूण १.१०. पिवळ्या ब्लँकचं ०.६०. वजा केलं की उरलं ०.५०. शीट सांगते, ५० टक्के इन्हिबिशन, म्हणजे एन्झाइमचं निम्मं काम अडलं! प्रत्यक्षात लाल ब्लँकचं ०.२० वजा करायला हवं होतं. मग उरतं ०.९०, म्हणजे इन्हिबिशन फक्त १० टक्के. आणि सगळ्यात घातक गोष्ट पुढे आहे. अर्क वाढवला की ही चूकही वाढते. त्यामुळे आलेख डोसप्रमाणे चढत जातो, वळण अगदी पुस्तकातल्यासारखं. तीन वेळा केलं, तीनदा तसंच आलं. चूक तीच असेल तर उत्तरही तेच येणार. एकच प्रयोग तीनदा करून तेच उत्तर आलं म्हणून निर्धास्त राहू नका.

गाईड म्हणाले, "ग्राफ सुंदर आलाय, पेपर करून टाक." एका जर्नलचं उत्तरही आलं होतं, पैसे भरले की आठ दिवसांत छापतो म्हणून. हे माझं ठाम मत आहे: अशा जर्नलच्या वाटेला जाऊ नका, कितीही घाई असली तरी. २०१८ साली यूजीसीने आपल्या यादीतून ४३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. त्यात छापलेल्या पोरांचं काय झालं असेल, विचार करा.

कोल्हापूरला एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. एक वयस्कर मॅडम बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "ब्लँकमध्ये सोडियम कार्बोनेट घातलं होतंस का गं?" मी म्हटलं, "ब्लँकमध्ये रिअॅक्शनच नाही मॅडम, थांबवायचं काय?" त्या म्हणाल्या, "एकदा घालून बघ," आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या. मला रागच आला होता.

रविवारी घरी आले. आई दगडावर माझा अॅप्रन धूत होती. खिशापाशी अर्काचा पिवळा डाग पडलेला, त्यावर तिने साबणाची वडी घासली आणि डाग लालभडक झाला. आई म्हणाली, "कुंकू झालं बघ." मी बादली हातात धरून तिथेच उभी राहिले. हळदीवर चुन्याची निवळी पडली की लाल होते, हे आजीच्या हाताखाली लहानपणापासून बघितलेलं. साबणाने हळदीचा डाग लाल होतो, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही घरात माहीत असतं. आणि मी अकरा महिने रोज प्लेटमध्ये सोडियम कार्बोनेट घालत होते, वेल लालसर होताना डोळ्यांनी बघत होते.

सोमवारी सकाळी प्लेट लावली. ऐंशीच्या आसपास दिसणारं इन्हिबिशन वीसच्या खाली आलं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुन्हा कर." सबमिशन पुढे गेलं, बरोबरीच्या मुली पास होऊन गेल्या. घरी ते समजावून सांगणं मला प्रयोगापेक्षा जड गेलं.

पण घाबरू नका. त्या वीसखालच्या आकड्यावरच मी थीसिस लिहिली आणि तोंडी परीक्षेत माझ्याइतकं नीट उत्तर कुणाला देता आलं नाही. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत मी हीच चूक सांगितली आणि मला जागा मिळाली. कमी आलेला आकडा कुणाचं आयुष्य बुडवत नाही. खोटा छापलेला बुडवतो.

तर ब्लँक असा लावा. प्रत्येक तीव्रतेला वेगळा ब्लँक. त्यात टेस्टमधलं सगळं, सोडियम कार्बोनेटसकट, फक्त एन्झाइमऐवजी बफर. अल्कलीत कर्क्युमिन तुटतही जातं, लाली उतरते, म्हणून ब्लँक आणि टेस्ट एकाच प्लेटवर, एकाच मिनिटाला वाचायचे. ब्लँक सकाळी आणि टेस्ट दुपारी असं चालणार नाही. शिवाय एक प्लेट ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून करा. परिणाम त्याने गायब झाला तर तुमचं कर्क्युमिन गुठळ्या होऊन एन्झाइमला चिकटत होतं, बाकी काही नाही. पेशींवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: सीरम नसलेल्या ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशाला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नाहीसं होतं, हे १९९७ पासून छापलेलं आहे. दोन दिवसांनी तुम्ही नेमकं काय मोजताय?

अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाबद्दलही सांगते. 'आमचा अर्क औषधापेक्षा भारी' असं लिहायचा मोह होतो. आपण बहुतेक यीस्टचं एन्झाइम वापरतो, आणि यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच फार कमी चालतं. ते माणसाच्या आतड्यातल्या एन्झाइमवर चालतं. तेव्हा ती तुलना लिहूच नका.

नमुना यार्डातून 'राजापुरी' वाण म्हणून उचलू नका, पोत्यात काय काय मिसळलेलं असतं. कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन वाणाची खात्री करून घ्या. आणि वही. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेही 'आमच्या आजीला माहीत होतं' असं म्हणून नव्हे, तर जुने ग्रंथ आणि १९५३ चा छापील शोधनिबंध पुढे ठेवून. प्लेट लाल झाली तर 'लाल झाली' असं त्याच दिवशी, तारीख घालून वहीत लिहा. माझ्या वहीत तो शब्द एकदाही नव्हता.

गाईड निवडताना मशिनं मोजत बसू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करा आणि एकच विचारा: सर कच्चे आकडे बघतात की नुसता आलेख? कच्चे आकडे बघणारा गाईड चिडका असला तरी चालेल. त्याच्याकडेच जा.

हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, आजोबा हळद ठेवायचे. पेव उघडलं की आधी कंदील दोरीने खाली सोडायचे. विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही, व्यापारी वर कितीही ओरडत असला तरी. एन्झाइम नसलेला वेल लावताना मला तो कंदील आठवतो.

कुणाला प्लेटची मांडणी तपासून हवी असेल तर फोटो पाठवा, मी रात्री नऊनंतर बघते. माझी एक्सेल शीट मात्र मागू नका. कोरी शीट उघडा, आपण फोनवर बसून एकेक सूत्र घालू.