मुलांना येशूजन्माची कथा सांगताना

नाताळच्या सुमारास घरी किंवा संडे स्कूलमध्ये येशूजन्माची कथा सांगायची असेल, तर आधी मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांचे (बायबलमधील येशूचरित्रांचे) पहिले दोन-दोन अध्याय स्वतः वाचावेत. मार्क व योहान यांनी जन्मकथा दिलेली नाही. गब्रीएल देवदूत, रोमन सम्राट कैसर औगुस्ताची नावनोंदणी, गव्हाणी आणि मेंढपाळ हे सारे लूकमध्ये आहे. तारा, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), हेरोद राजा आणि मिसर देशाकडे पलायन हे मत्तयात. नाटकांत हे सगळे एकाच रात्री उरकले जाते, आणि त्यामुळे दोन्ही कथांचा जीव जातो. म्हणून त्या दोन बैठकांत सांगाव्यात.

पहिल्या बैठकीत लूकची कथा घ्यावी. नासरेथहून बेथलेहेमचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन परत येण्याइतके, हे सांगितले की नावनोंदणीसाठी निघालेल्या गरोदर मरीयेचा प्रवास मुलांच्या ध्यानात येतो. बीडकडच्या ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांना या भागाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांना उदाहरण देऊ नये. गाढव आणि उतारशाळेचा मालक ही पात्रे लूकने लिहिलेली नाहीत. गाढव खुशाल ठेवावे, पण मालकाला दुष्ट करू नये, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती एवढेच मूळ कथा सांगते.

खरा वेळ मेंढपाळांना द्यावा. पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवणारे धनगर मुलांनी पाहिलेले असतात, तेव्हा रात्री कळप कसा राखतात, कुत्री कशासाठी लागतात, हे आधी त्यांनाच विचारावे आणि त्यांच्या उत्तरांतून अंधार उभा करावा. मग देवदूताचे ‘भिऊ नका’ हे शब्द हळू आवाजात म्हणावेत. बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवलेले बाळ ही खूण देवदूत मेंढपाळांना देतो, राजवाड्यातल्या कोणाला नाही; हे मुलांच्या आपोआप लक्षात येऊ द्यावे, आपण बोलून दाखवू नये. बेथलेहेमला मात्र आपल्या शिवारात आणून बसवू नये: तो यहूदीयाचा मुलूख आहे आणि सत्ता रोमची आहे.

दुसऱ्या बैठकीत मत्तय. मागी तीन होते किंवा ते राजे होते, असे तेथे लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही भेटींची नावे तेवढी आहेत, आणि ते बाळाला भेटतात ते एका घरात. हेरोदाने बालकांची केलेली हत्या अगदी लहान मुलांसमोर सांगू नये. राजा घाबरला आणि योसेफ रातोरात मरीयेला व बाळाला घेऊन मिसर देशात गेला, एवढे त्यांना पुरते. मोठ्या मुलांपासून मात्र ती हत्या लपवू नये. येथे कोणीतरी कंसाचे नाव घेणारच. घेऊ द्यावे, दोन्ही कथांत सिंहासनाला धास्तावलेला राजा आहे हे मान्य करावे आणि कोणती कथा श्रेष्ठ हा वाद वर्गात शिरू देऊ नये.

ही दुसरी बैठक नाताळच्या गर्दीत घालण्याची गरज नाही. मागी लोकांच्या भेटीचा सण 6 जानेवारीला येतो, त्याच्या जवळचा रविवार तिच्यासाठी राखून ठेवावा.