सूचनाफलकाची मांडणी: वाचण्याआधी डोळा काय जुळवतो?

सोसायटीच्या किंवा शाळेच्या सूचनाफलकावर काय लिहावे यावर पुष्कळ खल होतो, परंतु वाचणाऱ्याचे मन अक्षरे लागण्यापूर्वीच समोरच्या खुणांचे गट पाडून मोकळे होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे गट कोणत्या नियमांनी पडतात, ते माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ठिपक्यांच्या आणि रेषांच्या साध्या आकृत्यांवरून दाखवून दिले.

मांडणीला हात घालण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. कोऱ्या कागदावर समान अंतराने चार ओळींत चार-चार ठिपके काढावेत. त्यांत आडवे-उभे असे काहीच ठळक दिसणार नाही. शेजारी तेवढेच ठिपके काढून आडवे अंतर उभ्या अंतराच्या निम्मे ठेवले, की ठिपके तेच असूनही आडव्या ओळी आपोआप उमटतात, कारण जवळजवळच्या खुणा मन एका गटात बांधते.

आता पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक घ्या. डाव्या टोकाला इमारतीचे नाव, उजव्या टोकाला वेळ आणि ओळी एकमेकींना चिकटलेल्या, अशा तक्त्यात नजर नाव सोडून वेळेकडे जाताना हमखास खालच्या ओळीत घसरते आणि ‘ब’ इमारतीचे रहिवासी ‘क’ची वेळ धरून बसतात. यावर अक्षर मोठे करणे हा उपाय नव्हे; वेळ नावाजवळ आणावी आणि ओळींमधील अंतर वाढवावे. शीर्षकाच्या वरची मोकळी जागाही खालच्या जागेच्या निदान दुप्पट असावी, अन्यथा ते शीर्षक वरच्या मजकुराचे की खालच्या, हे मनाला ठरवता येत नाही.

सारखा रंगही गट बांधतो. म्हणून लाल रंग बदललेल्या वेळांसाठी वापरला असेल, तर सजावटीसाठी तो वापरू नये. मजकुरामागे चित्र छापणे तर टाळावेच, कारण आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी करण्यातच वाचणाऱ्याची शक्ती खर्ची पडते.

चौकट मात्र सर्वांत शेवटी आखावी. एकाच चौकटीतल्या गोष्टी परस्परांपासून दूर असल्या तरी एकत्र दिसतात, हे मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर यांनी १९९२ मध्ये दाखवले. इतके प्रभावी साधन प्रत्येक परिच्छेदाभोवती वापरणे मला घातक वाटते.

कागद तयार झाला, की चार पावले मागे सरून डोळे किलकिले करावेत आणि दिसणारे पुंजके मोजावेत. सूचना तीन आणि पुंजके पाच दिसत असतील, तर शब्दांना हात न लावता आधी मोकळ्या जागा दुरुस्त कराव्यात.