रेसची चाकं किट कारला बसवायची तर आधी व्हर्निअर काढा

कोल्हापुरात गाडीवर प्रयोग करणाऱ्यांची मोठी सोय आहे आणि धोका पण तिथंच आहे. उद्यमनगरात चाक घेऊन गेलं की कुणीतरी म्हणणारच, "ठेवा की, संध्याकाळपर्यंत बसवून टाकू," आणि खरंच बसवतात. पण हबवर चाक बसलं तरी ते गाडीला चालेल असं काही नाही. म्हणून हे लिहितोय, खास करून घरी ट्यूबची चॅसी करून मारुतीचं इंजिन आणि हब घातलेल्या सेव्हन टाइप, म्हणजे जुन्या लोटस सेव्हनसारख्या उघड्या, हलक्या किट कारसाठी, कारण सेकंडहँड रेसिंग चाकं दिसायला लई भारी असतात आणि माणूस आधी पैसे देऊन मोकळा होतो, मापं नंतर घेतो.

पहिलं पीसीडी, म्हणजे नटच्या होलांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार होलचं चाक असेल तर समोरासमोरच्या दोन होलचं सेंटर ते सेंटर अंतर, पाच होलचं असेल तर शेजारच्या दोन होलच्या अंतराला 1.7 ने गुणा. स्विफ्टचा हब 4x100 चा, म्हणजे चार होल आणि 100 एमएम पीसीडी, आणि जुन्या पुंटो-लिनियाची चाकं 4x98. आता गंमत अशी की 98 चं चाक 100 च्या हबवर ढकलून बसतं, नट पण आवळले जातात, पण प्रत्येक स्टड 1 एमएम हुकलेला असतो, नट सीटवर, म्हणजे होलमधल्या त्याच्या बसायच्या जागेवर, वाकडा बसतो, आणि पुढं तो आपोआप ढिला तरी होतो नाहीतर स्टड तुटतो. टेपनं मोजू नका, व्हर्निअरच घ्या.

मग सेंटर बोअर, म्हणजे चाकाच्या मधोमधचं मोठं होल. सुझुकीचा हब 54.1 एमएमचा, रेसच्या चाकाचा बोअर बहुतेक त्याहून मोठा असतो. मधल्या गॅपसाठी ॲल्युमिनियमची स्पिगॉट रिंग टर्न करून घ्या, हे काम आपल्याकडचा कुठलाही बरा टर्नर नीट करून देतो, फक्त रिंग हातानं दाबून बसली पाहिजे, हातोड्यानं नाही. पण एक लक्षात ठेवा भावांनो, चाकाला नवीन होल पाडणं, होल मोठं करणं, तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग मारणं, हे कुणी कितीही आग्रहानं सांगितलं तरी नाही म्हणायचं.

ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मधल्या रेघेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं एमएममधलं अंतर. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. समजा जुनं चाक 6 इंची, ऑफसेट 38, आणि नवीन 7 इंची, ऑफसेट 20. 6 इंच म्हणजे 152.4 एमएम, त्याचं अर्धं 76.2, त्यातून 38 वजा केले की बाहेरची कड हबपासून 38.2 वर. नवीन चाकाचं अर्धं 88.9, वजा 20, म्हणजे 68.9. चाक 30 एमएमपेक्षा जास्त बाहेर आलं की! आत मात्र जेमतेम 5 एमएम जागा वाढली. याचे परिणाम स्टिअरिंग जड होणं, खड्ड्यात हातातून हिसका बसणं, बेअरिंगवर लोड येणं, आणि मडगार्डबाहेर आलेल्या टायरनं पावसाळ्यात सगळा चिखल थेट तुमच्या तोंडावर, कारण सेव्हनला दार पण नसतं.

ब्रेक कॅलिपरचा क्लिअरन्स बघायला घरातली कणीक घ्या. छोटा गोळा कॅलिपरवर चिकटवा, चाक लावा, हातानं एक फेरा फिरवा, चाक काढा आणि कणीक जिथं सर्वात पातळ झालीय तिथं मोजा. 3 एमएमच्या खाली असेल तर मी ते चाक घेणार नाही. नंतर स्प्रिंग काढून, जॅकनं चाक बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे सस्पेन्शन जिथं अडतं तिथपर्यंत, वर उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुठं घासतंय ते तिथंच कळतं, गगनबावड्याच्या घाटात कळण्यापेक्षा बरं.

चाक जुनं असेल तर तडे शोधायची डाय पेनेट्रंट टेस्ट करा. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. पेंट काढून साफ करा, लाल डाय मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, वरनं पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, बहुतेक स्पोकच्या मुळाशी नाहीतर नटच्या होलपाशी. अशी एक रेघ जरी दिसली तरी चाक भंगारात. मॅग्नेशियमच्या नादी रोडसाठी लागूच नका, ॲल्युमिनियमपेक्षा ते तिसऱ्या हिश्श्यानं हलकं आहे हे खरं, पण पेंट उडाला की आपल्या पावसात ते आतून सडायला लागतं आणि वरनं काही दिसत नाही. रेसवाले चाक दर रेसनंतर तपासतात, आपण सर्व्हिसिंगलासुद्धा टाळाटाळ करतो.

सेंटर लॉक, म्हणजे एकाच मोठ्या नटवालं चाक, रोडला नको. त्याला टॉर्क प्रचंड लागतो, सेफ्टी पिन लागते, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात कुठला पंक्चरवाला ते उघडून देणार?

टायरचं म्हणाल तर स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला रेसचा टायर, रोडवर चालत नाही, कारला किमान 1.6 एमएम नक्षी लागते. 185/60 आर 13 (185 एमएम रुंद, उंची रुंदीच्या 60 टक्के, 13 इंची रिम) हा टायर साधारण 5 ते 6.5 इंची रिमसाठी असतो, तो 8 इंचीवर ताणून बसवू नका. आणि 175/70 वरून 185/60 वर आलात तर चाकाचा व्यास 4 टक्के कमी होतो, मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 77 च्या आसपास असते, शिवाय गाडी 11-12 एमएम खाली येते. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर माहितीयत, इंजिनाखालच्या ऑइल संपची जमिनीपासूनची उंची आधी मोजा. हवा पण हॅचबॅकसारखी 33 पीएसआय भरू नका, 600 किलोच्या गाडीला 18-20 पासून सुरू करा. आणि आरसीवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागतं, तेव्हा आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, ॲक्सिडेंट झाल्यावर नको.

आता नट. सीट शंकूची, गोल की सपाट ते चाकाप्रमाणं बघा, स्टडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, गाडीप्रमाणं, सुझुकीचा 12x1.25 (12 एमएम जाड, 1.25 पिच). नट हातानं किमान 10 फेरे फिरला पाहिजे, हब आणि चाकाच्या मधे स्पेसरची चकती घातल्यावर फेरे कमी पडत असतील तर लांब स्टड घाला. थ्रेडला ग्रीस नको. टॉर्क रेंचनं समोरासमोरचे नट आलटून पालटून, स्विफ्टच्या हबला 85 न्यूटन मीटर, इम्पॅक्ट गनवर विश्वास नको. 50 किलोमीटरनंतर चाकं गार झाल्यावर परत तपासा, आणि 200 ला अजून एकदा.

स्टेपनी जुनीच लोखंडी ठेवणार असाल तर तिचे जुने नट पिशवीत बांधून गाडीतच टाका, कारण नव्या चाकाचे नट तिच्या सीटवर बसतीलच असं नाही.