सैनिक कुटुंबाला मदत करायला निघालात? आधी डिस्चार्ज बुक वाचा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापूरकडील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत फौजेशी नाते नसलेले घर शोधावे लागते. अशा गावांत आणि त्यांच्या आसपास माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या मदतीचे काम करायला आता नवी मंडळी पुढे येत आहेत. त्यांत नुकतेच निवृत्त झालेले जवान आहेत, सैनिकांच्या लेकीसुना आहेत आणि समाजकार्य शिकणारे विद्यार्थीही आहेत. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या नोंदी ठेवणारे फौजेचे कार्यालय), पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हे शब्द तुमच्या कानांवरून गेलेले आहेत, असे मी धरून चालते. मी स्वतः एका हवालदाराची पत्नी आहे. माझे यजमान निवृत्तीनंतर काही वर्षांनी आजारपणात गेले. त्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत जो काळ काढला, तो आठवला की आजही जीव घाबरा होतो, आणि दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून मी हे काम करते.

मला अडवले ते माझ्याच नावाने. माझे माहेरचे नाव वेगळे आणि लग्नात सासरी ठेवलेले नाव वेगळे. लग्न झाल्यावर यजमानांनी युनिटमध्ये कळवले आणि पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या कुटुंबाचे तपशील फौजेच्या अभिलेखात नोंदवणारा आदेश) निघाली, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरचे, म्हणजे माहेरचे नाव नोंदले गेले. पुढे रेशन कार्ड, मतदार यादी, आधार आणि बँकेचे पासबुक हे सगळे सासरच्या नावाने तयार झाले. यजमान हयात असेपर्यंत या फरकामुळे काहीही अडले नाही. ते गेल्यावर मात्र कागदोपत्री हवालदाराची पत्नी एक आणि निवृत्तिवेतन मागणारी बाई दुसरी, अशी स्थिती झाली. एका खिडकीवर मला ‘तुम्ही त्यांच्या कोण?’ असे विचारले गेले, तेव्हा हातात लग्नाचा फोटो असूनही मला उत्तर देता आले नाही.

हा प्रकार विरळा आहे असे समजू नका. आपल्याकडे नाव बदलण्याची रीत असल्यामुळे तो घरोघरी सापडतो आणि त्याची रूपे अनेक आहेत. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा सोडताना फौजेकडून मिळणाऱ्या नोंदींच्या पुस्तिकेत, ‘शांताबाई’ असते आणि आधारवर नुसते ‘शांता’. फौजेच्या नोंदीत पत्नीचे केवळ पहिले नाव असते, तर बँकेत स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव असे तिन्ही भाग, तेही कधी आडनाव आधी तर कधी शेवटी. वैशालीचे स्पेलिंग एका कागदावर ‘व्ही’ने तर दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने असते. मुलांचेही तसेच होते. शाळेत घालताना नाव बदललेले असते, पण पार्ट टू ऑर्डरमध्ये बारशाचे नाव राहून गेलेले असते. नोंद करणारा कारकून बहुधा दुसऱ्या राज्यातला असतो आणि आपल्या नावांची घडण त्याला ठाऊक नसते, त्यामुळे त्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही. नोंद तपासणे हे काम आपलेच आहे.

जन्मतारखेकडे तर कोणीच पाहत नाही. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनात 20 टक्क्यांची वाढ मिळते, पंच्याऐंशीनंतर ती 30 टक्के होते, नव्वदीनंतर 40, पंच्याण्णवनंतर 50 आणि शंभरीनंतर पूर्ण 100 टक्के. पण त्यासाठी पत्नीची जन्मतारीख अभिलेखात असावी लागते. आमच्याच तालुक्यातील एका आजींच्या घरी मी गेले होते. त्यांनी खाटेखालून यजमानांची काळी ट्रंक ओढून काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात आर्मी नंबर आणि नाव अजून स्पष्ट वाचता येत होते. आत पातळाच्या तुकड्यात बांधलेले डिस्चार्ज बुक होते. कुटुंबाच्या तपशिलाच्या पानावर आजींच्या नावापुढे जन्मतारखेची जागा कोरी होती आणि आधारवर, वय अंदाजाने सांगितलेल्या असंख्य माणसांप्रमाणे, 1 जानेवारी होती. आजींनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती आणि वाढीव रक्कम त्यांना कोणी सांगितलीही नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे, की कोणत्याही घरी गेल्यावर योजनेचा अर्ज आधी बाहेर काढू नका. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन आणि पासबुक हे पाच कागद शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक नाव अक्षरन् अक्षर वाचा, जन्मतारखा वाचा, खाते एकट्याचे आहे की पतिपत्नीचे संयुक्त आहे तेही पाहा. फरक आढळला आणि सैनिक सेवेत असला, तर युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डर दुरुस्त करून घ्यावी. तो निवृत्त असला, तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा आणि ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतन प्रणालीतील तपशीलही त्या सैनिकाकडूनच दुरुस्त करून घ्यावा. सोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस असली की काम सुकर होते. हे सगळे सैनिक हयात असताना झाले पाहिजे. त्याची एक सही जे काम करते, ते त्याच्या मागे पत्नीला अनेक कागद जमवून सिद्ध करावे लागते.

हे वाचून धीर सोडू नका. नाव जुळले नाही म्हणून हक्क जात नाही. उशीर होतो, हेलपाटे पडतात, पण थकलेली रक्कम मिळते. मला मिळाली. उशिरा येणाऱ्या बाईला आधी एवढेच सांगावे, कारण तिला सर्वांत जास्त भीती असते ती सगळे बुडाल्याची.

एजंटांविषयी माझे मत कडक आहे. थकबाकीच्या टक्क्यांवर काम करणारा माणूस, तो माजी सैनिक असला तरी, विधवेच्या दारात उभा करू नये. त्याला मूळ कागद आणि ओटीपी देणे म्हणजे घराची किल्ली देणे आहे. मार्गदर्शक शोधायचा असेल, तर व्यासपीठावर भाषण करणाऱ्यापेक्षा सेवेत असताना क्लार्क म्हणून काम केलेला निवृत्त नायब सुभेदार किंवा सुभेदार शोधा. कोणत्या कागदाला कोणता कागद जोडायचा आणि पत्रात कोणता क्रमांक उद्धृत करायचा, हे त्याला अचूक माहीत असते. मी जे शिकले ते अशाच एका साहेबांच्या ओसरीवर बसून शिकले.

रकमेचे आश्वासन मात्र कोणालाही देऊ नका. साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असते आणि सुरुवातीच्या मर्यादित काळासाठी ते 50 टक्के दराने मिळते. मृत्यू सेवेशी निगडित ठरला तर विशेष दर 60 टक्के, आणि युद्धात किंवा तत्सम कारवाईत मृत्यू आला तर उदारीकृत निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतके मिळते. मृत्यू कोणत्या प्रकारात मोडतो हे फौजेची चौकशी ठरवते, गावातली चर्चा नाही. आपण उत्साहात ‘शहीद’ म्हणून फलक लावतो, मोठी रक्कम मिळेल असे सांगतो आणि नंतर त्या आईवडिलांच्या तोंडाकडे पाहवत नाही.

निवृत्तिवेतनाची सेवा पूर्ण न करता घरी आलेले हवालदार पदापर्यंतचे वृद्ध माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना बहुतेक कार्यकर्ते विसरतात, आणि याचे मला फार वाईट वाटते. पासष्टी ओलांडलेल्या अशा व्यक्तींसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळते. ते 2025च्या नोव्हेंबरपासून दरमहा 4000 रुपयांवरून 8000 रुपये झाले आहे. हा पैसा सशस्त्र सेना ध्वज दिन निधीतून येतो. 7 डिसेंबरला शाळाशाळांतून निधी गोळा करता, त्याच आठवड्यात गावात असा कोणी माणूस आहे का, याचीही चौकशी करावी. मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, ज्यात मुलींना दरमहा 3000 आणि मुलांना 2500 रुपये मिळतात. तिथेही पार्ट टू ऑर्डरमधले नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळावे लागते.

घरात मृत्यू झाला असेल तर दिवसकार्य होईपर्यंत कागद मागू नयेत, हे खरे. तरी दोन गोष्टी थांबवता येत नाहीत. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी आणि त्यावर सैनिकाचे नाव डिस्चार्ज बुकातल्याप्रमाणेच घालून घ्यावे. दुसरे म्हणजे मृत्यूची माहिती बँकेला व ‘स्पर्श’वर लगेच द्यावी आणि खात्यात येत राहिलेले पतीचे निवृत्तिवेतन काढू नये, कारण ती रक्कम पुढे वसूल होते आणि नेमक्या गरजेच्या वेळी विधवेच्या हाती तुटपुंजे पैसे येतात. ही दोन्ही कामे बाईला घराबाहेर न काढता दीर, मुलगा किंवा तुम्ही स्वतः करू शकता.