निवृत्तीनंतरचा टँगो: आधी चालणे, मग नाचणे

साठीनंतर टँगो शिकावासा वाटला, की बहुतेकांना पहिली काळजी गुडघ्यांची वाटते. याचे कारण असे, की आपण पाहिलेला टँगो हा बहुधा रंगमंचासाठी बसवलेला नाच असतो. त्यात पाय हवेत उंच जातात आणि जोडीदाराला उचलून फिरवले जाते. आर्जेंटिनातील ब्यूनस आयर्स आणि उरुग्वेतील माँटेव्हिडिओ या दोन शहरांत हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मला आणि २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तेथील मंडळांच्या दिवाणखान्यांत लोक जो टँगो नाचतात, त्याचा पाया मात्र साधे चालणे हाच आहे. दोन माणसे परस्परांच्या आलिंगनात उभी राहतात आणि वाद्यवृंदाच्या ठोक्यावर एकत्र पावले टाकतात. बाकीचे सगळे त्यावरचे नक्षीकाम आहे. म्हणून टँगो, प्रत्यक्ष ऐकलेले संगीत आणि पायी भटकंती हे तीन निरनिराळे छंद न मानता एकाच सरावाची तीन अंगे मानावीत, असे माझे ठाम मत आहे.

वर्गात नाव घालण्यापूर्वी महिनाभर घरीच तयारी करावी. स्वयंपाकाच्या ओट्याला बोटांचा हलका आधार देऊन एका पायावर उभे राहावे आणि श्वास शांत होईपर्यंत थांबावे, मग दुसऱ्या पायावर तसेच करावे. त्यानंतर भिंतीलगत, हात भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून, सावकाश उलटे चालावे. पाऊल मागे नेताना ते गुडघ्यातून न उचलता कमरेच्या खुब्यातून लांबवावे, आधी अंगठ्याचा भाग जमिनीला लावावा आणि वजन पूर्णपणे मागच्या पायावर आल्यावरच टाच टेकवावी. उतारवयात आपण उलटे चालणे जवळजवळ सोडूनच दिलेले असते, आणि टँगोमध्ये जोडीदाराच्या इशाऱ्यानुसार चालणाऱ्याला, म्हणजे पारंपरिक मांडणीत स्त्रीला, बहुतांश वेळ उलटेच चालावे लागते. ज्यांना चक्कर येते, ज्यांची रक्तदाबाची औषधे चालू आहेत किंवा ज्यांच्या सांध्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी हे सारे आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावे. अमेरिकेतील सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कंपवाताच्या रुग्णांना टँगो शिकवून अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्यांचा तोल सुधारलेला दिसला होता. तरीही नाचाला औषधाचा पर्याय समजू नये.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्या वर्गाला गेले, तेव्हा शिक्षिकेने तासभर आम्हाला केवळ चालायला लावले. मधूनच ती सर्वांना थांबवी, डोळे मिटायला सांगे आणि विचारी, ‘आत्ता वजन कोणत्या पायावर आहे?’ मला उत्तर देता येईना, कारण माझे वजन दोन्ही पायांवर थोडे थोडे वाटलेले होते. टँगोत तसे चालत नाही. जोडीदार तुमचे पाय पाहत नाही. तुमच्या छातीच्या आणि खांद्याच्या हालचालीवरून तुमचा कोणता पाय मोकळा आहे, हे त्याला कळावे लागते. हे एक अंग साधले, की पुढे जे ‘ओचो’ म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराचे पदन्यास येतात, ते फारसे अवघड वाटत नाहीत.

पुण्या-मुंबईत टँगोचे वर्ग आहेत. तेथे चौकशी करताना आर्जेंटिनी सामाजिक टँगो शिकवतात का, हे स्पष्ट विचारावे, कारण स्पर्धांमध्ये दिसणारा बॉलरूम टँगो ही वेगळी शैली आहे. जोडीदार बरोबर असलाच पाहिजे असे नाही. पती-पत्नी दोघे जात असतील, तर वर्गात एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत आणि निदान निम्मा वेळ इतरांबरोबर सराव करायचा, असे घरूनच ठरवून निघावे. आपल्या पिढीला परक्या माणसाच्या इतक्या जवळ उभे राहण्याचा संकोच वाटतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. मोकळ्या आलिंगनात, म्हणजे मध्ये हातभर अंतर ठेवूनही टँगो पूर्णपणे नाचता येतो. आपल्याला तेवढेच चालेल, हे शिक्षकांना आणि जोडीदाराला पहिल्याच दिवशी सांगावे. चांगले नाचणारे त्याचा मान राखतात.

पादत्राणांच्या बाबतीत तडजोड करू नये. रबरी तळाचा बूट फरशीला धरून ठेवतो. वळताना शरीर फिरते, पाऊल मात्र जागीच राहते, आणि त्याचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चामड्याचा गुळगुळीत किंवा सुएडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा, तळ असलेले, टाच घट्ट धरणारे बूट घ्यावेत. स्त्रियांनी उंच टाचांच्या मागे लागण्याचे कारण नाही, सरावाचे सपाट बूटही मिळतात. सुरुवातीच्या दिवसांत जुन्या बुटांवरून सुती मोजे चढवूनही काम भागते, मात्र गुळगुळीत फरशीवर आधी दोन पावले टाकून किती घसरते, ते पाहून घ्यावे.

आता ऐकण्याविषयी. घरी चालण्याचा सराव करताना कार्लोस दि सार्ली यांच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे लावावीत, कारण त्यांत ठोका स्वच्छ असतो आणि व्हायोलिनांची ओळ पावलाला लांबी देते. त्यानंतर हुआन दारिएन्सो यांची चपळ लय ऐकावी आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्याकडे सर्वांत शेवटी वळावे, कारण त्यांच्या संगीतातले विलंब आणि थांबे पेलायला कान तयार असावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर तबल्याच्या समेची वाट पाहिली आहे, त्यांना टँगोतील वाक्याचा शेवट ओळखणे जड जात नाही. बहुतेक टँगोंच्या अखेरीस दोन ठसठशीत स्वरमेळ येतात, ज्यांना तेथील लोक ‘चान-चान’ म्हणतात. ते वाजेपर्यंत आलिंगन सोडायचे नसते.

टँगोच्या वाद्यवृंदातले बांदोनेऑन हे वाद्य मात्र प्रत्यक्ष, जवळून ऐकावे. ते जर्मनीतून आले आणि तेथील वाद्यविक्रेते हाइनरिश बांड यांच्या नावावरून ओळखले जाऊ लागले. आपल्या पेटीप्रमाणेच त्यात हवेने थरथरणारी धातूची पत्ती असते. पण ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी उघडतात-मिटतात, आणि पारंपरिक बांदोनेऑनमध्ये एकच बटण भाता उघडताना एक स्वर देते, तर मिटताना दुसराच. पुढच्या रांगेत बसले, तर स्वर उमटण्याआधी भात्याचा श्वासही ऐकू येतो. ब्यूनस आयर्समध्ये जेवणासह तिकीट असलेले पर्यटकांचे कार्यक्रम एकदा पाहायला हरकत नाही, परंतु तेवढेच पैसे आणि तेवढीच रात्र हातात असेल, तर जेथे वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजतो आणि लोक त्यावर नाचतात, असा एखादा मिलोंगा, म्हणजे नाचाचा मेळावा, निवडावा. नाट्यगृहाची तिसरी घंटा ऐकत ज्यांचे शनिवार-रविवार गेले, त्यांनी २५ मे १९०८ रोजी उघडलेल्या, त्याच शहरातील तेआत्रो कोलोन या नाट्यगृहातील एक मैफल तरी चुकवू नये. तेथील ध्वनिरचना जगातील उत्तम नाट्यगृहांमध्ये गणली जाते.

मिलोंगा म्हणजे नाचासाठी जमलेली मंडळी; याच नावाची एक जलद लयही आहे. तेथील शिस्त आधी समजून घेतली, तर नवख्या आणि वयस्क माणसाला ती फार सोयीची पडते. संगीत ‘तांदा’ नावाच्या संचांत वाजते. टँगोचा एक तांदा साधारणपणे चार रचनांचा असतो, म्हणजे दहा-बारा मिनिटांचा, आणि त्यानंतर ‘कोर्तिना’ म्हणून वेगळ्याच प्रकारचे संगीत थोडा वेळ वाजते, तेव्हा सगळे जागेवर परततात. त्यामुळे विश्रांती आपोआप मिळते. दोन तांदे नाचावेत आणि एक बसून पाहावा. नाचाचे आमंत्रण शब्दांनी दिले जात नाही. दुरून नजर मिळते, एकजण किंचित मान हलवतो, दुसऱ्याने मान डोलावली तर होकार, नजर वळवली तर नकार. याला ‘काबेसेओ’ म्हणतात. नाही म्हणण्याचा अवघडपणा कोणावरच येत नाही, ही माझ्या दृष्टीने या प्रथेतील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट आहे. दूरचे दिसण्यासाठी लागणारा चष्मा मात्र बरोबर हवा. जोडीने शेजारी बसलेल्यांना सहसा दुसरे कोणी बोलावत नाही, म्हणून इतरांबरोबर नाचायचे असेल तर वेगळे बसावे. तांदा संपण्याआधी ‘ग्रासियास’ म्हणजे धन्यवाद म्हणू नये, कारण त्याचा अर्थ आता पुरे असा घेतला जातो. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. पुढच्या जोडीला मागे टाकून जाऊ नये आणि पाऊल जमिनीपासून उचलू नये.

ब्यूनस आयर्सला जायचे असेल, तर किमान वर्षभर शिकून आणि तीन आठवड्यांची सवड काढूनच जावे. भारताचे घड्याळ तेथल्यापेक्षा साडेआठ तास पुढे असते आणि प्रवास इतका लांबचा आहे, की पाय सुजतात. पहिले दोन दिवस नाच नको, फक्त चालावे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तेथील वसंत असतो, आणि नोव्हेंबरात जॅकरांडाची झाडे जांभळी होतात. ऑगस्टमध्ये टँगोचा मोठा महोत्सव आणि जागतिक स्पर्धा होते, पण तेव्हा तेथे हिवाळा असतो.

पहिली पायपीट आवेनिदा दे मायो या रस्त्याने करावी: प्लासा दे मायोपासून संसद भवनापर्यंत जेमतेम दीड किलोमीटर सपाट वाट, आणि मध्ये १८५८ पासून चालत आलेले काफे तोर्तोनी. रविवारी देफेन्सा रस्त्याने सान तेल्मोच्या बाजारातून प्लासा दोर्रेगोपर्यंत जावे. एक सकाळ आबास्तो भागात, कार्लोस गार्देल यांच्या संग्रहालय झालेल्या घरासाठी ठेवावी. १९३५ साली विमान अपघातात गेलेल्या या गायकाचा आवाज त्या घरात उभे राहून ऐकला, की गल्ल्यांची आणि गाण्यांची सांगड बसते. ला बोका भागातील कामिनितो ही रंगीत गल्ली दिवसाच पाहावी आणि मुख्य गल्ल्या सोडून आत जाऊ नये. या शहराच्या पदपथांवरील फरशा पुष्कळ ठिकाणी सुटलेल्या आहेत, पावसानंतर त्यांच्याखाली साठलेले पाणी पाय पडताच उडते आणि तोल जातो. म्हणून चालण्याचे बूट खडबडीत तळाचे असावेत आणि नाचाचे बूट पिशवीतच राहावेत.

रात्रीचे मिलोंगे उशिरा रंगात येतात. दुपारी भरणारेही असतात आणि आपल्या वयाला तेच मानवतात. सकाळी पाच-सहा किलोमीटर चालणे झाले असेल, तर जेवून तासभर पाय उंचावर ठेवून पडावे आणि मगच नाचायला निघावे. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत: चीज भरलेल्या, करंजीसारख्या एम्पानादा मिळतात, आणि कोरिएन्तेस रस्त्यावरच्या पिझ्झाच्या दुकानांत हरभऱ्याच्या पिठाची ‘फाइना’ मिळते, तिची चव आपल्या जिभेला ओळखीची वाटते.

मिलोंगाच्या अखेरीस परंपरेने ‘ला कुम्पार्सिता’ ही टँगोरचना वाजते. ती सुरू होण्याआधीच शेवटच्या तांद्यासाठी कोणाबरोबर उभे राहायचे, हे मनाशी ठरवून ठेवावे आणि चान-चान होईपर्यंत थांबावे. मग खुर्चीवर बसून बूट बदलावेत, सुएडचा तळ ओला होऊ नये म्हणून ते कापडी पिशवीत घालावेत, आणि रात्र झाली असेल तर टॅक्सी दाराशी बोलावूनच बाहेर पडावे.