दारूबंदीच्या गावात रॉक

बडोद्यात रॉक बँड आहे म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "वाजवता कुठे?" प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुण्याला नवा बँड पबात तयार होतो. मंगळवार-बुधवारी गर्दी नसते, मालक म्हणतो या, वाजवा. चार गिऱ्हाइकांसमोर चुकतमाकत बँड उभा राहतो. गुजरातेत मात्र राज्य झालं त्या १९६० सालापासून दारूबंदी. पबच नाहीत, त्यामुळे नवशिक्यांची ती सगळी पायरीच गायब. आपल्याकडे आहेत ते सयाजीराव विद्यापीठातले फेस्टिव्हल, फतेगंज-अलकापुरीकडचे कॅफे, लग्नातलं 'संगीत', दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या गणपती मंडळांचे कार्यक्रम आणि नवरात्र. यातल्या एकाही ठिकाणी लोक तुमची स्वतःची गाणी ऐकायला आलेले नसतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. इथे राहून ऑल्टर्नेटिव्ह रॉक करायचं तर पोटासाठीचं वाजवणं आणि आपलं वाजवणं यांच्या वेळा वेगळ्या ठेवा, आणि पहिल्याला दुसऱ्याची वेळ खाऊ देऊ नका. मी दुपारी मुलांना गिटार शिकवते, संध्याकाळी बोलावणं आलं तर जाते. सकाळी आईचा कुकर लावून होईपर्यंत जे काही होतं ते माझं. त्या वेळात फोन बंद.

लहान गावाचं दुःख करत बसू नका. आर.ई.एम. हा बँड १९८० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये सुरू झाला, तेही विद्यापीठाचंच गाव. कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी त्यांना उचलून धरलं. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीनचा, लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावातला. आणि बडोदं तर गाण्याच्या बाबतीत लहान कधीच नव्हतं. मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ साली सुरू झाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भातखंड्यांनी इथेच भरवली, फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे गवई. रॉकवाल्या मुलांना याचं काय, असं वाटेल. पण त्याच गायनशाळेचं पुढे झालेलं परफॉर्मिंग आर्ट्स विद्यालय सूरसागर तलावाच्या काठी आहे, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत घरी शिकवणारे मास्तर अजून सापडतात. वर्षभर तरी त्यांच्यासमोर बसून खर्ज लावा. घसा दाबून ओरडणं म्हणजे रॉक नव्हे. तसं ओरडत राहिलात तर स्वरतंतूंवर गाठी येतात आणि मग डॉक्टर महिनाभर गप्प बसवतो. मास्तर तुमच्या गाण्याला नाकं मुरडतील. मुरडू देत.

तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्याला गिटारची एक गोष्ट लवकर कळते. पॉवर कॉर्ड म्हणजे सा, प आणि वरचा सा, त्यात गंधार नाही. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, लावून गंधारासकट पूर्ण कॉर्ड छेडली की स्वर एकमेकांवर घासून नको ते जादा स्वर तयार होतात आणि सगळा चिखल होतो. सा-प मात्र स्वच्छ राहतात. सर्वांत जाड तार एक स्वर उतरवून डी केली की, म्हणजे ड्रॉप डी, खालच्या तिन्ही तारा मुळातच सा-प-सा होतात आणि पॉवर कॉर्ड एका बोटाने धरता येते. गाणाऱ्यासाठी हे फार सोयीचं. डाव्या हातावरचं लक्ष कमी झालं की ते शब्दांकडे देता येतं.

गाणी लिहिताना घरात राहणाऱ्यांची एक खोड असते. रात्री शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली, म्हणून गाणं पुटपुटत बसवलं जातं आणि पट्टी आपसूक खाली जाते. तालमीत ड्रम सुरू झाले की तोच आवाज कुठल्या कुठे जातो. तेव्हा चाल रात्री सुचू दे, पण पट्टी दिवसा, उभं राहून, पूर्ण आवाजात ठरवा. कॅपो, म्हणजे पट्टी चढवायला गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा, एकेक घर वर सरकवत जा. ध्रुवपदाचा सगळ्यांत वरचा स्वर जिथे जोर मागतो पण फाटत नाही, ते घर तुमचं. मराठीत लिहीत असाल तर लांबवायच्या स्वरावर आकारान्त किंवा ओकारान्त शब्द आणा. 'इ'वर ताण देऊन ओरडून बघा, म्हणजे कळेल.

या संगीताची अर्धी गंमत हळू कडवं आणि दणकट ध्रुवपद यात आहे. पिक्सीज या बँडने ते रूढ केलं, कोबेनने ते त्यांच्याकडून घेतल्याचं उघड सांगितलं. पण गाणारा आणि वाजवणारा एकच असला की ही उडी पायाने मारायची असते. कडव्याचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच चौथ्या मात्रेवर डिस्टॉर्शनचं पेडल दाबायचं. पेडल माइकच्या स्टँडपासून हातभर लांब असेल तर शब्द अर्धा राहतो. त्यामुळे पेडल स्टँडच्या बुडाशीच ठेवा आणि घरी पायात स्टेजवर घालायचेच बूट घालून सराव करा. अनवाणी सराव केलेला पाय बुटात चुकतो.

आता नवरात्र. याला नाकं मुरडणारे माझे मित्र आहेत, ते बहुतेक नोकरी करतात. बेसवाला, ऑक्टपॅडवाला, कीबोर्डवाला, सगळ्यांचं वर्ष त्या नऊ रात्रींवर उभं असतं, आणि तेव्हा तुमचा बँड अस्तित्वात नसतो हे आधीच मान्य करा. श्रावणापासून तालमी. गिटार आवाजात मागेच असते, पण दोन-अडीच तास ताल तोडायचा नाही, गायकाची मान हलली की पुढच्या गरब्यात शिरायचं. गरब्याचा सहा मात्रांचा ताल, हींच, अंगात भिनला की नुसता सरळ वर-खाली चालणारा हात सुटतो. एरवी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावे लागतात. २०००च्या ध्वनिनियमांत राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंतची सूट देता येते आणि नवरात्र त्यात बसतं. बाकी वर्षभर स्वतःचा कार्यक्रम ठेवाल तर सातला सुरू करा. दहाला पोलीस येण्याची वाट बघू नका.

गरब्या-लग्नांचा साउंडवाला रॉकला सरावलेला नसतो. तो गाण्यावर भरपूर इको टाकतो आणि गिटार जवळजवळ बंद ठेवतो. वाद घालू नका. कोणतं वाद्य कुठे, किती माइक, हे एका कागदावर लिहून आदल्या दिवशी पाठवा आणि तिथे गेल्यावर गोड बोला: "काका, इको जरा ओछो करो ने." म्हणजे कमी करा ना. काम होतं. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, माइकच्या बरोब्बर मागच्या बाजूला ठेवायला सांगा. एसएम ५८सारखा माइक मागून सगळ्यांत कमी ऐकतो, शिट्टी वाजत नाही.

एक गोष्ट मात्र गोड बोलून सोडून द्यायची नाही: अर्थिंग. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्ही वेगवेगळ्या लाइनवर असतील आणि मांडवातलं अर्थिंग कच्चं असेल, तर दोहोंत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो तुमच्या ओठांतून हातात उतरतो. नुसता गाणारा वाचतो, नुसता वाजवणारा वाचतो, दोन्ही करणारा सापडतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्झीत स्टेजवर माइकला हात लावताच गेला. बॅगेत साधा मल्टिमीटर ठेवा. तो एसी व्होल्टवर लावून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काटा किंवा आकडा पाच-दहा व्होल्टच्या पुढे गेला तर गायचं नाही. अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच अर्थवर घ्यायला लावा आणि पुन्हा मोजा. आयोजक घाई करतो, निवेदक नाव पुकारतो. पुकारू दे. एका मांडवात आकडा चाळीसच्या वर गेला होता. इलेक्ट्रिशियनने एक्स्टेन्शन उघडलं तर आतली हिरवी वायर कापून गुंडाळून ठेवलेली.

कानांचंही तसंच. अमेरिकेतल्या निओश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीतली ड्रमसकटची तालीम त्या आकड्याला सहज पोचते. इअरप्लग घाला, चेष्टा होईल ती होऊ द्या.

पावसाळ्यात इथल्या दमटपणाने तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पैशांबद्दल. कार्यक्रमाचे अर्धे आधी घ्या, ओळखीच्याकडूनही, ओळखीच्याकडून तर नक्कीच. स्ट्रीमिंगवर भरवसा ठेवू नका: २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजारदा तरी ऐकलं गेलं नाही, तर त्याचा पैसा मिळतच नाही. तरी गाणी तिथे टाका, कारण आयोजक तुमचं नाव ऐकल्यावर पहिलं तिथेच शोधतात. शब्द आणि चाल तुमची असेल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा. आणि कुठलीही कंपनी 'सगळे हक्क आमचे' असा कागद पुढे करते तेव्हा लक्षात असू द्या, २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून देताच येत नाही. सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा.

राहिला मुंबईचा प्रश्न. कायमचं जाऊ नका, निदान पाच-सहा स्वतःची गाणी बँडसकट पक्की होईपर्यंत. तिथलं खोलीभाडं भरण्यासाठी तुम्ही तिथेही लग्नंच वाजवाल, फक्त तालमीची जागा महाग पडेल. इथे कुणाच्या तरी काकांचं गोडाऊन मिळतं. भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या की झाली खोली. मुंबई चारशे किलोमीटरच्या आत आहे, गाडीने पाच-सहा तास. तिथल्या बँडशी अदलाबदल ठेवा: ते बडोद्याला आले की राहायची-जेवायची सोय तुमच्या घरी, तुम्ही गेलात की त्यांच्याकडे. त्यांचे ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर वापरा, आपली गिटार, पेडल आणि मल्टिमीटर तेवढे न्या. आणि परतीचं तिकीट कार्यक्रम ठरल्या दिवशीच काढा, रविवार रात्रीच्या गाड्यांना नेहमी वेटिंग असतं.