ऑरेंज घराण्याचा इतिहास वाचायचा कसा? ते देशात नव्हते त्या वर्षांपासून

नेदरलँड्समधल्या हेगला कुणी ओळखीचं आलं की राजवाडा दाखव म्हणून मागे लागतं. मी आधी त्यांना ट्राममध्ये बसवून स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर नेते. याच किनाऱ्यावरून १८ जानेवारी १७९५ ला ऑरेंज घराण्याचा, म्हणजे आजच्या डच राजघराण्याचा, स्टॅडहोल्डर पाचवा विलेम मासेमारीच्या होडीत बसून इंग्लंडला पळाला. आणि याच किनाऱ्यावर ३० नोव्हेंबर १८१३ ला त्याचा मुलगा इंग्रज युद्धनौकेवरून येऊन उतरला. पळून गेलेला माणूस प्रजासत्ताकाचा वंशपरंपरागत अधिकारी होता. परत आलेला दीड वर्षाच्या आत राजा झाला. मधल्या जवळजवळ एकोणीस वर्षांत या घराण्याची देशात कसलीच सत्ता नव्हती, आणि डच राजेशाहीचा पाया घातला गेला तो नेमका त्याच काळात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: वंशावळीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. उलथापालथीची साठेक वर्षं, म्हणजे १७८५ ते १८४८, आधी धरा. बाकीचं मागून येतं.

एक वही घ्या. प्रत्येक विलेमच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: त्याचं पद काय होतं, आणि ते त्याला दिलं कुणी. जन्म, लग्न, मुलं नंतर. या दोन रकान्यांवर नजर ठेवलीत तर अर्धा इतिहास आपोआप उलगडतो.

आधी विलेमांचा गुंता सोडवा

या घराण्यात नावांचा दुष्काळ आहे. शिवाय आकडे दोनदा सुरू होतात. स्टॅडहोल्डरांची मालिका वेगळी, राजांची वेगळी. १५८४ मध्ये डेल्फ्टला गोळी घालून मारला गेलेला तो पहिला विलेम, आणि १८१५ चा राजा तोही पहिला विलेम. इंग्लंडच्या गादीवर बसलेला तिसरा विलेम १७०२ मध्ये निपुत्रिक वारला. त्याचा १८४९ च्या राजा तिसऱ्या विलेमशी घोळ घालू नका. म्हणून वहीत आकड्याआधी पद लिहायची सवय लावा: ‘स्टॅ. पाचवा’, ‘राजा पहिला’. हे दोघे बापलेक.

बायकांच्या नावांतही तीच गत. स्टॅडहोल्डर पाचव्याची बायको प्रशिया या जर्मन राज्याची विल्हेल्मिना, आणि तिची सूनही प्रशियाची विल्हेल्मिनाच, तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. मी सासूला ‘थोरली’ लिहिते.

स्टॅडहोल्डर म्हणजे राजा नव्हे, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर लावा. सात प्रांतांचं प्रजासत्ताक होतं, सार्वभौमत्व प्रांतांच्या सभांकडे होतं, आणि स्टॅडहोल्डर हा त्यांनी नेमलेला अधिकारी. १७०२ ते १७४७ बऱ्याच प्रांतांनी तो नेमलाच नव्हता. १७४७ मध्ये फ्रेंच सैन्य दाराशी आलं तेव्हा घाईघाईनं चौथ्या विलेमला सगळ्या प्रांतांनी पद दिलं आणि ते वंशपरंपरागत केलं. चार वर्षांत तो गेला, मागे तीन वर्षांचा पाचवा विलेम. त्यानं अठराव्या वर्षी कारभार हाती घेतला खरा, पण आपल्या पालकाला, ब्रन्सविकच्या ड्यूकला, गुप्त करारानं सल्लागार म्हणून बांधून घेतलं. हा करार पुढे उघड झाला तेव्हा व्हायचा तो तमाशा झालाच.

१७८५ ते १७८७ : इथे घाई करू नका

आपल्या डोक्यात क्रांतीचा एक ठरलेला साचा असतो: गरीब जनता एका बाजूला, राजा दुसऱ्या. तो इथे बाजूला ठेवा. स्टॅडहोल्डरच्या विरोधात उभे राहिलेले ‘पेट्रियट’ बहुतेक मध्यमवर्गीय होते: वकील, व्यापारी, कारागीर, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांमधल्या छोट्या पंथांचे लोक. १७८१ च्या सप्टेंबरात एका रात्रीत गावोगावी वाटलं गेलेलं निनावी पत्रक ही त्यांची ठिणगी. ते योआन डेर्क व्हान डेर कापेलेन या सरदारानं लिहिलं होतं. आणि ऑरेंज घराण्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांत बंदरातले मजूर, कोळणी होत्या. रॉटरडॅमची काट मॉसेल हिचं नाव वहीत जरूर लिहा. बंदरावर येणाऱ्या शिंपल्यांची तपासणी करणं हे तिचं काम. ऑरेंजच्या बाजूनं दंगा केला म्हणून ती तुरुंगात गेली आणि १७८७ मध्ये वारं फिरलं तेव्हा सुटली.

नारिंगी रंगच गुन्हा ठरला होता. बाजारात गाजरं विकताना पाल्याची बाजू पुढे ठेवावी लागे, असं सांगतात. ही गोष्ट मी मिठाच्या खड्यासकट सांगते, पण नारिंगी फितीवर बंदी होती हे खरंच.

हेगच्या बिनेनहॉफला, म्हणजे राज्यकारभाराच्या जुन्या आवारात, गेलात तर स्टॅडहोल्डरचा दरवाजा शोधा. स्टॅडहोल्डरशिवाय कुणाची गाडी तिथून जायची नाही असा रिवाज. मार्च १७८६ मध्ये पेट्रियट पुढाऱ्यांनी मुद्दाम तिथूनच गाडी घातली आणि मूराँ नावाच्या एका केसांचे टोप बनवणाऱ्यानं पुढे होऊन ती अडवायचा प्रयत्न केला. त्याला देहदंड सुनावला गेला, मग माफी मिळाली. दार कुणासाठी उघडायचं यावरून माणूस फासावर चढायची पाळी येते, तेव्हा देशात काय शिजत होतं ते वेगळं सांगायला नको.

पाचवा विलेम तोवर हेग सोडून गेला होता आणि पुढे नायमेखेनला मुक्काम ठोकून बसला. निर्णय घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हालचाल केली ती थोरल्या विल्हेल्मिनानं. २८ जून १७८७ ला ती हेगला जाऊन समर्थकांना उभं करायला निघाली आणि वाटेत गाउडाच्या स्वयंसेवक पथकानं तिला अडवलं. गूयानव्हरवेलेस्लाउस इथे एका घरात तिला बसवून ठेवलं. पहारा करणारा अधिकारी तलवार उपसून, पायावर पाय टाकून तिच्यासमोर बसला, आणि तिला बिअर, वाइन, अगदी तंबाखूसुद्धा देऊ केली, असं सांगतात. त्या माणसांच्या दृष्टीनं हा पाहुणचार होता. प्रशियाच्या दरबाराच्या दृष्टीनं राजाच्या बहिणीचा अपमान. सप्टेंबरात वीस हजारांवर प्रशियन सैन्य आत शिरलं, ऑक्टोबरात ॲमस्टरडॅम शरण आलं, हजारो पेट्रियट फ्रान्सकडे पळाले.

आता वहीतला दुसरा रकाना बघा. पाचव्याला पद परत दिलं कुणी? प्रांतांनी नव्हे, मेहुण्याच्या फौजेनं. १७९५ मध्ये नद्या गोठल्या, फ्रेंच सैन्य बर्फावरून चालत आलं आणि त्यांच्याबरोबर हद्दपार पेट्रियटही परतले, तेव्हा या घराण्यासाठी फारसं कुणी लढलं का नाही, याचं उत्तर इथेच आहे.

१७९५ ते १८१३ : रिकामं पान भरून काढा

लोकप्रिय वर्णनांत ही वर्षं ‘परागंदा’ या एका शब्दात उरकतात. तसं करू नका. वहीचं पान मधोमध दुमडा. एका बाजूला घराणं, दुसऱ्या बाजूला देश.

घराण्याच्या बाजूला पहिली नोंद क्यूच्या पत्रांची. फेब्रुवारी १७९५ मध्ये पाचव्यानं इंग्लंडमधल्या क्यूहून डच वसाहतींच्या अधिकाऱ्यांना लिहिलं की ठाणी इंग्रजांच्या हवाली करा. मलाक्का, सिलोन, केप आणि आपलं कोचीन बघता बघता इंग्रजांकडे गेली. त्याच्या चित्रसंग्रहातली चित्रं फ्रेंचांनी पॅरिसला नेली, पाउलस पॉटरचा तो भलामोठा बैलसुद्धा. प्राणिसंग्रहातले सिलोनचे दोन हत्तीही १७९८ मध्ये पॅरिसला गेले. चित्रं पुढे बहुतेक परत आली, बैलासकट. आज तो हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे.

मुलगा व्यवहारी. १८०२ मध्ये तो भरपाई मागायला थेट पॅरिसला गेला आणि जर्मनीतलं फुल्डा मिळवलं. बापाला हे पटलं नाही. १८०६ मध्ये बाप ब्रन्सविकला वारला, आणि त्याच वर्षी मुलगा प्रशियाच्या बाजूनं लढून फुल्डाही गमावून बसला.

देशाच्या बाजूला मात्र लिहायला जागा पुरणार नाही. धर्मसंस्था आणि राज्यसंस्था वेगळ्या झाल्या, १७९६ मध्ये ज्यूंना नागरिकत्व मिळालं, १७९८ च्या संविधानानं सात प्रांतांचं एक राज्य झालं, १८०६ मध्ये देशभर एकच करपद्धती आली. त्याच वर्षी नेपोलियननं भाऊ लुई याला हॉलंडचा राजा केलं. नेदरलँड्सचा पहिला राजा बोनापार्ट होता, हे ऐकून माझे पाहुणे हमखास चमकतात. लुई मनापासून डच व्हायला बघत होता. जानेवारी १८०७ मध्ये लायडनला दारूगोळ्याचं जहाज फुटून गावाचा भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा तो स्वतः तिथे गेला. १८०८ मध्ये त्यानं ॲमस्टरडॅमचं नगरभवन राजवाडा म्हणून घेतलं. १८१० मध्ये नेपोलियननं देशच फ्रान्सला जोडून टाकला.

डाम चौकातला तो राजवाडा बघायला गेलात तर फर्निचर नीट बघा. त्यातलं बरंचसं लुईच्या काळातलं आहे. ऑरेंज घराणं परत आलं ते सामानासकट भाड्यानं मिळालेल्या घरात यावं तसं: राजवाडा तयार, करखातं तयार, एकसंध राज्य तयार. सात प्रांतांचं जुनं प्रजासत्ताक कुणी परत मागितलं नाही, पहिल्या विलेमनं तर नाहीच.

१८१३ ते १८४८ : आता वेग वाढवा

नोव्हेंबर १८१३ मध्ये फ्रेंच माघार घेऊ लागले तेव्हा हेगमध्ये खाइसबेर्ट कारेल व्हान होखेनडोर्प या ऑरेंज समर्थक पुढाऱ्यानं जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा की समुद्र खुला झाला, पक्षभेद संपले, सोसलेलं सगळं विसरून माफ केलं. पंचवीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेल्या लोकांसाठी हे फार हुशारीनं लिहिलेलं आहे. २ डिसेंबरला ॲमस्टरडॅममध्ये विलेमनं सार्वभौमत्व स्वीकारलं ते संविधानाच्या अटीवर. राजा झाला १६ मार्च १८१५ ला, नेपोलियन कैदेतून, एल्बा बेटाहून, निसटल्याची बातमी आली तेव्हा. दुसऱ्या रकान्यात इथे दोन नावं लिहा: होखेनडोर्पची मंडळी, आणि बेल्जियमसह बळकट शेजारी हवा असलेल्या महासत्ता.

१८१५ मध्ये राज्यात सामील केलेलं बेल्जियम १८३० मध्ये ब्रुसेल्सच्या नाट्यगृहातून सुरू झालेल्या दंग्यानं निसटलं. १८३९ पर्यंत पहिल्या विलेमनं ते मान्य केलं नाही आणि १८४० मध्ये गादी सोडली. बेल्जियन कॅथलिक सरदारकन्येशी लग्न करायचं होतं, हेही एक कारण. त्याच्या मुलासाठी बनवलेला मुकुट चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला, खडे नकली. डच राजे तो डोक्यावर घालतच नाहीत. शपथविधीला तो टेबलावर असतो आणि संविधानही तिथेच ठेवलेलं असतं.

दुसऱ्या विलेमला मार्च १८४८ मध्ये युरोपभरच्या क्रांत्यांच्या बातम्या आल्या आणि तो, त्याच्याच म्हणण्यानुसार, चोवीस तासांत कट्टर सनातन्याचा उदारमतवादी झाला. टोरबेके या उदारमतवादी पुढाऱ्याच्या समितीनं लिहिलेल्या संविधानानं ठरवलं की राजाला हात लावायचा नाही, जबाबदारी मंत्र्यांची. ही नोंद झाली की दुसरा रकाना बंद करा. इथून पुढे पद देणारा एकच, संविधान.

मूळ बातम्या वाचायच्या असतील तर डेल्फर या संकेतस्थळावर जुनी डच वर्तमानपत्रं फुकट मिळतात. डच येत नसेल तर भाषांतराच्या ॲपवर काम भागतं. एक लक्षात ठेवा: अठराव्या शतकातलं लांब ‘एस’ संगणक बरेचदा ‘एफ’ वाचतो, म्हणून शोधताना शब्द दोन्ही प्रकारे टाका. शोध एकेका महिन्यापुरता ठेवा. मी सुरुवात जून १७८७ पासून करायला सांगते, कारण गूयानव्हरवेलेस्लाउसची बातमी दोन्ही पक्षांची पत्रं इतक्या वेगळ्या सुरात देतात की कुठलं पत्र कुणाचं हे नाव न बघता ओळखू येतं.